कानांची तपासणी ‘नॉर्मल’, तरीही बोलणे उमगत नाही किंवा आवाज सोसत नाहीत: निदान आणि उपचारांविषयी

धागाकर्ती: वाशिष्ठीकाठ

मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जणांच्या हातात आधीच एक अहवाल असतो, त्यावर ‘श्रवणक्षमता नॉर्मल’ असे लिहिलेले असते, आणि तक्रार मात्र जशीच्या तशी असते. यात दोन प्रकारची माणसे असतात. एक म्हणजे तिसरी-चौथीतली मुले, ज्यांच्याविषयी शाळेतून ‘लक्ष देत नाही’, ‘एकच गोष्ट दहा वेळा सांगावी लागते’ असे निरोप येतात. घरी शांतपणे समोर बसवून बोलले तर ही मुले चोख उत्तरे देतात. वर्गात, लग्नघरात किंवा एसटीत मात्र ‘काय?’, ‘हं?’ असे विचारत राहतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना भांड्यांचा खणखणाट, मिक्सर, आरतीतली झांज, किंवा शेजारी बसून कुणी चहाचा भुरका मारला तर तो आवाजही सहन होत नाही. पहिल्यांना आळशी ठरवले जाते आणि दुसऱ्यांना नखरेल. ‘रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका’ एवढे ऐकून दोघेही घरी परततात.

माझे म्हणणे असे आहे की ऑडिओग्राम (श्रवण-तपासणीचा आलेख) चांगला आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि तक्रार खरी आहे म्हणून हाताला लागेल तो उपचार सुरू करणेही योग्य नाही. आधी नेमके काय बिघडले आहे ते ठरायला हवे, कारण या तक्रारींचे उपचार वेगवेगळे आहेत आणि काही ठिकाणी तर ते एकमेकांच्या उलट जातात.

नेहमीच्या तपासणीत, म्हणजे प्युअर टोन ऑडिओमेट्रीत, आवाजबंद खोलीत बसवून हेडफोन लावतात आणि २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात. माणसाला किती हळू सूर ऐकू येतो, एवढेच त्यातून कळते. चाळीस मुलांच्या वर्गात, पंखा फिरत असताना, बाई फळ्याकडे तोंड करून बोलत असताना त्यांचे वाक्य सुटे करून समजून घेणे हे काम कानाइतकेच मेंदूचे आहे, आणि ते या तपासणीत मोजलेच जात नाही. हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इटलीत एत्तोरे बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मेंदूच्या टेम्पोरल भागात गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकवले, तेव्हा साध्या सुरांची चाचणी चांगली असूनही गाठीच्या विरुद्ध बाजूच्या कानाने त्यांना ते शब्द नीट ओळखता आले नाहीत. १९६१ मध्ये डोरीन किमुरा यांनी कॅनडात दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवण्याची पद्धत वापरली. तीच पद्धत थोड्याफार फरकाने आपण आजही वापरतो.

आता तपासणीच्या क्रमाविषयी. मूल ‘गोंगाटात समजत नाही’ असे म्हणते तेव्हा श्रवण-प्रक्रिया विकार, म्हणजे एपीडी (कान ठीक असूनही ऐकलेले मेंदूला नीट उलगडता न येणे), हे नाव सर्वांत शेवटी यावे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कान पाहावा. आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमट हवेत कानात बुरशी होण्याचे प्रमाण बरेच असते आणि कानात कोमट खोबरेल सोडण्याच्या सवयीमुळे ती आणखी वाढते. त्यापेक्षाही सहज निसटणारी गोष्ट म्हणजे पडद्याच्या आत साठलेला चिकट द्राव. सर्दीच्या दिवसांत तो येतो, काही आठवड्यांनी जातो, पुन्हा येतो, आणि मूल ज्या दिवशी तपासणीला येते त्या दिवशी ऑडिओग्राम जवळपास चांगला असू शकतो. टिम्पॅनोमेट्री ही काही मिनिटांची, न दुखणारी चाचणी तो द्राव दाखवते. लहानपणी असे वारंवार झालेल्या मुलांत पुढे गोंगाटात ऐकण्याची अडचण अधिक आढळते, म्हणून जुना इतिहासही विचारावा.

यानंतर ओएई (आतल्या कानातल्या पेशींची चाचणी) आणि बेरा (श्रवणनसेतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांची चाचणी) या दोन चाचण्या. मी या दोन्हींचा आग्रह धरते, कारण १९९६ पासून ‘ऑडिटरी न्यूरोपथी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात आतल्या कानातल्या पेशी ठीक काम करतात, त्यामुळे ओएई चांगली येते, पण श्रवणनसेतून जाणारे संदेश एकाच लयीत जात नाहीत, त्यामुळे बेराचा आलेख येत नाही किंवा फार बिघडलेला येतो. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेली किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली मुले यात अधिक असतात. किशोरवयात सुरू होणारे रुग्णही आपल्या देशात चांगल्या संख्येने दिसले आहेत. अशा मुलावर एपीडीचा शिक्का मारून श्रवण-प्रशिक्षण देत बसणे म्हणजे त्याचा मोलाचा काळ वाया घालवणे होय.

हे सर्व ठीक असेल तर एपीडीच्या चाचण्या, आणि त्याही साधारण सात वर्षांनंतर, कारण त्याआधी एकाच वयाच्या निरोगी मुलांच्या निकालांतही खूप तफावत असते. एक उदाहरण देते. मुलाच्या कानात नळाच्या धारेसारखी सलग सळसळ सुरू असते आणि तिच्यामध्ये अधूनमधून अगदी क्षणभराचा खंड पडतो. खंड जाणवला की त्याने बटण दाबायचे. सात वर्षांवरच्या बहुतेक निरोगी मुलांना पाच-सहा मिलिसेकंदांचा खंड कळतो. ज्याला पंधरा-वीस मिलिसेकंदांचाही कळत नाही, त्याच्या कानांवर ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक कसा पडत असेल याचा अंदाज करता येतो. दुसऱ्या चाचणीत उजव्या कानात ‘दोन, सात’ आणि त्याच क्षणी डाव्या कानात ‘चार, नऊ’ असे ऐकू येते आणि चारही आकडे सांगायचे असतात. उंच-खालच्या सुरांचा क्रम ओळखणे, गोंगाटातली वाक्ये म्हणून दाखवणे, अशा आणखीही चाचण्या असतात. अमेरिकेतल्या वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने (एएसएचए) २००५ मध्ये दिलेला निकष असा की किमान दोन चाचण्यांत मूल आपल्या वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी, किंवा एका चाचणीत तीन प्रमाण विचलनांनी मागे असावे (प्रमाण विचलन म्हणजे त्या वयाच्या मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती दूर विखुरतात त्याचे माप). एकाच चाचणीत थोडे गुण कमी पडले आणि अहवालात एपीडी लिहिले गेले, असे कागद माझ्याकडे येतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

आणखी एक मुद्दा आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. घरी मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजी शब्दांवर घेतली आणि ते नापास झाले, तर त्यातून त्याच्या इंग्रजीविषयी कळते, कानांविषयी कळत नाही. शब्दांच्या चाचण्या मुलाच्या ओळखीच्या भाषेतल्या हव्यात, आणि तशी सोय नसेल तर खंड ओळखणे व सुरांचा क्रम यांसारख्या भाषेवर न अवलंबणाऱ्या चाचण्यांवर अधिक भर द्यावा.

अतिसंवेदनशीलतेविषयी प्रश्न येतील तसे लिहीन.

प्रतिसाद: सड्यावरचे गुरुजी

ताई, आपला लेख काळजीपूर्वक वाचला. मी राजापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमची शाळा उघड्या सड्यावर आहे, जुनी कौले काढून पत्रे घातल्याला बराच काळ झाला. जून ते सप्टेंबरमध्ये जोराची सर आली की पहिल्या बाकावरच्या मुलालाही माझे बोलणे ऐकू जात नाही. आम्ही त्या वेळी लेखनाचे काम देतो आणि सर ओसरण्याची वाट पाहतो. माझ्या वर्गात एक मुलगी आहे जी पावसाळ्यात अगदी मागे पडते आणि दिवाळीनंतर सावरते. आपण सांगितलेल्या चाचण्या होतील तेव्हा होतील, परंतु तोपर्यंत वर्गात काय करता येईल, आणि पालकांना कोठे पाठवावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

गुरुजी, तुमचे निरीक्षण फार मोलाचे आहे, आणि ते असेच तारखांसह लिहून त्या मुलीच्या पालकांजवळ द्या अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यात घसरण आणि नंतर सुधारणा, याची दोन कारणे असू शकतात: एक पत्र्यांचा आवाज, आणि दुसरे सर्दीमुळे कानात साठणारा द्राव. दोन्ही एकाच ऋतूत येतात, त्यामुळे तिची टिम्पॅनोमेट्री जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी. डिसेंबरमध्ये केली तर कदाचित काहीच सापडणार नाही.

वर्गाविषयी बोलायचे तर, ऐकण्यात अडचण असलेल्या मुलापर्यंत पोहोचणारा शिक्षकांचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबलने मोठा असावा असे मानतात. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. वर्गात भिंतींमुळे हा फायदा थोडा कमी मिळतो, तरी चौथ्या बाकावरून पहिल्या बाकावर आणणे हा सर्वांत स्वस्त आणि लगेच गुण देणारा उपाय आहे. तिला खिडकीपासून व पंख्याखालून दूर, तुमचा चेहरा दिसेल असे बसवा. फळ्यावर लिहिताना बोलू नका, लिहून झाल्यावर वळून बोला. तिला समजले नाही तर तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणण्याऐवजी लहान वाक्यात वेगळ्या शब्दांनी सांगा. ‘समजले का?’ असे विचारले तर ही मुले हमखास मान डोलावतात, म्हणून ‘काय करायचे ते मला सांग’ असे म्हणा.

पत्र्याचा आवाज मात्र बसण्याची जागा बदलून जात नाही. पत्र्याखाली छत घालता आले, निदान जाड चटयांचे किंवा थर्माकोलपेक्षा जड अशा कुठल्याही फळ्यांचे, आणि पत्रा व छत यांच्यात हवेची पोकळी राहिली, तर फरक नक्की पडतो. कौलांवर पावसाचा आवाज पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी येतो, हे आपण सगळेच जाणतो. शाळांची दुरुस्ती करताना या गोष्टीचा विचार कुणी करत नाही, ही माझी जुनी खंत आहे.

निदान पक्के झाल्यावर सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे दूरस्थ मायक्रोफोन, ज्याला पुष्कळ जण अजूनही एफएम सिस्टीम म्हणतात. शिक्षकांच्या सदऱ्याला लहान माइक लावतात आणि मुलाच्या कानातल्या हलक्या रिसीव्हरमध्ये तो आवाज थेट पोहोचतो, म्हणजे शिक्षक जणू हातभर अंतरावरून बोलत असल्यासारखे होते. याला खर्च येतो आणि माइक रोज चार्ज करण्याची शिस्त लागते. साधे श्रवणयंत्र मात्र अशा मुलाला स्वतःहून आणून देऊ नये.

पालकांना पाठवण्याविषयी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्यांच्यासमोर या मुलीचे नाव जरूर ठेवा. त्यांच्याकडून ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पोहोचू शकते, जिथे ऑडिओलॉजिस्टचे पद असते. एपीडीच्या पूर्ण चाचण्यांसाठी आपल्या भागातून बहुतेकांना मुंबईला जावे लागते. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत शिक्षकांनी भरायची १२ प्रश्नांची एक चाळणी-यादी तयार झाली आहे, ती कुठल्याही ऑडिओलॉजिस्टकडे मिळू शकते. मुंबईची खेप करण्याआधी ती यादी भरून, कान तपासून आणि टिम्पॅनोमेट्री करून गेलात तर एका फेरीत बरेच काम होते.

प्रतिसाद: सोनचाफा

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्ही देवगडला असतो. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, आणि तिला माझ्या सासऱ्यांच्या जेवण्याचा आवाज अजिबात सहन होत नाही. भुरका, चावणे, दातात अडकलेले काढताना होणारा तोंडाचा आवाज, हे कानावर पडले की तिच्या डोळ्यांत पाणी येते, ती ताट घेऊन उठून जाते. फटाके, बँड, मंडपातला डीजे यांचा तिला काहीही त्रास नाही. सासऱ्यांना हा त्यांचा अपमान वाटतो आणि घरात रोज वाद होतात. ‘मोठ्यांचा मान ठेवत नाही’ असे तिला ऐकावे लागते. हा आजार आहे, की आम्ही तिला जास्त लाडावले आहे?

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

सोनचाफा ताई, लाडाचा यात संबंध नाही. मोठ्या आवाजांचा त्रास नाही पण ठरावीक हळू आवाजांनी, विशेषतः जवळच्या माणसाच्या तोंडाच्या आवाजांनी, संताप किंवा घृणा उसळते, या वर्णनाला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ यांनी २००१ मध्ये दिले, आणि २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन त्याची एकमताने व्याख्या प्रसिद्ध केली. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा व्यक्तींच्या मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा त्रासदायक आवाज ऐकताना मेंदूतल्या अग्र इन्सुला या भागाची प्रतिक्रिया इतरांपेक्षा फार तीव्र दिसली, शिवाय हृदयाचे ठोके व त्वचेवरचा घामही वाढला. म्हणजे तिचे शरीर खरोखरच तसा प्रतिसाद देते; ती ठरवून तसे करत नाही. हे आजोबांना समजावून सांगितले तर त्यांच्या मनातला अपमान काही अंशी कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

याची कानाची चाचणी नाही. निदान सविस्तर बोलण्यातून होते. तरीही ऑडिओग्राम एकदा करून घ्यावा, आणि चिंता, मंत्रचळ किंवा नैराश्य सोबत आहे का हे मानसोपचारतज्ज्ञाने पाहावे. औषधाच्या गोळीने हे जाते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आजवर सर्वांत चांगला पुरावा वर्तन-विचार उपचारपद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा आहे. अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका नियंत्रित अभ्यासात तीन महिन्यांच्या उपचारानंतर ३७ टक्के रुग्णांत ठळक सुधारणा झाली, आणि उपचाराची वाट पाहणाऱ्या गटात एकाचीही झाली नाही. हा आकडा मी लपवत नाही, कारण सगळेच पूर्ण बरे होतात असा समज घेऊन गेलात तर मुलगीच निराश होईल. उपचार मुंबई-पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञाकडून व्हिडिओ कॉलवरही घेता येतात.

घरी आजपासून करता येण्यासारखे: जेवताना पंखा किंवा रेडिओ मध्यम आवाजात चालू ठेवा, म्हणजे शांततेत एकटा उठून दिसणारा तो आवाज बुजतो. तिची जागा आजोबांच्या समोर किंवा शेजारी न ठेवता पंगतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. फारच झाले तर पाच मिनिटे उठून जाण्याची तिला मुभा असावी आणि परत आल्यावर कुणी टोमणा मारू नये. परंतु सगळी जेवणे खोलीत एकटीने, कानांत बोंडे घालून, अशी सवय लागू देऊ नका. टाळण्याने आज सुटका होते आणि उद्याचा आवाज अधिक बोचतो. ‘सवय होईल’ म्हणून तिला मुद्दाम आजोबांजवळ बसवणेही तितकेच चुकीचे आहे.

प्रतिसाद: रापण

मी मालवणचा. पूर्वी ट्रॉलरवर इंजिनाचे काम करत होतो. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मला साधे आवाज असह्य होतात. स्टीलचा डबा बंद केला, मुलांनी खुर्ची ओढली, एसटीचा हॉर्न वाजला, तरी कानात कळ येते. सोबत कानात सतत ‘शूं’ असा आवाज असतो. ऑडिओग्राममध्ये वरच्या सुरांत थोडे कमी आहे असे सांगितले. मी इंजिनवाल्यांचे इअरमफ दिवसभर घरी लावून ठेवतो, रात्रीही कापूस घालून झोपतो, पण त्रास उलट वाढतच चालला आहे. काही उपाय असल्यास सांगावा.

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

दादा, तुमच्या वर्णनावरून हे हायपरअ‍ॅक्युसिस, म्हणजे साधे आवाजही असह्य होण्याचा विकार, वाटते, परंतु प्रत्यक्ष तपासल्याशिवाय मी तसे ठरवणार नाही. बहुतेकांना ९० ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज नकोसा होतो. या विकारात ती मर्यादा खूप खाली येते. ती मोजणारी चाचणी असते, मात्र ती करताना आवाज थोडाथोडा वाढवत न्यावा लागतो आणि रुग्णाने हात वर केला की तत्क्षणी थांबायचे असते. तुम्ही तपासायला जाल तेव्हा आधीच ‘मला आवाज सोसत नाही’ असे स्पष्ट सांगा. स्टेपिडियल रिफ्लेक्स नावाच्या चाचणीत मोठे सूर कानात सोडतात, ती तुमच्या बाबतीत सहसा टाळावी.

कान-नाक-घसा तज्ज्ञाला आणि मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवताना काही गोष्टी आवर्जून सांगा: त्रास एकाच कानात आहे का, चेहऱ्याची एक बाजू कधी लुळी पडली होती का, मोठ्या आवाजाने किंवा खोकताना चक्कर येते का, स्वतःचे डोळे फिरल्याचा किंवा पावलांचा आवाज डोक्यात ऐकू येतो का, आवाजासोबत अर्धशिशी उठते का. चेहऱ्याच्या नसेच्या लकव्यात मधल्या कानातला आवाज आवरणारा लहान स्नायू काम करेनासा होतो. आतल्या कानाच्या एका अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाड विरले तर आवाज आतमध्ये मोठा होऊन जाणवतो. या दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

आता इअरमफविषयी, आणि हे कृपया सर्वांनीच वाचावे. अंधाऱ्या खोलीत बराच काळ बसलेल्या माणसाला दाराबाहेरचे साधे ऊनही डोळ्यांत खुपते, तसेच कानांचे होते. कानांवर येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. क्रेग फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये निरोगी माणसांवर प्रयोग केला: काहींनी दोन आठवडे कानांत बोंडे घातली, काहींनी हळू सळसळ करणारी यंत्रे लावली. बोंडेवाल्यांना नंतर तेच आवाज अधिक मोठे वाटू लागले आणि सळसळवाल्यांना कमी मोठे. म्हणून घरात, अंगणात, बाजारात इअरमफ काढून ठेवायचे आहेत, आणि तेही एकदम नव्हे. रोज थोडा वेळ, ज्या जागी तुम्हाला सुरक्षित वाटते तिथून सुरुवात करा. सोबत दिवसभर एखादा मऊ, सलग आवाज हळू लावून ठेवा; समुद्राचा, पंख्याचा किंवा मोबाइलवरच्या सळसळीचा. तो सहज कानाआड करता येईल इतकाच असावा आणि आठवड्यांच्या अंतराने थोडाथोडा वाढवावा. ऑडिओलॉजिस्ट यासाठी कानात लावायची ध्वनियंत्रे देतात आणि सोबत समुपदेशन करतात. यात महिने जातात, कधी वर्षही लागते. तुमच्या कानातल्या ‘शूं’लाही याच पद्धतीचा उपयोग होतो. आवाजाची धास्ती बसली असेल तर सीबीटीची जोड द्यावी.

मात्र पुन्हा ट्रॉलरच्या इंजिनाजवळ, चिरेखाणीच्या कटरजवळ किंवा बागेत ग्रास कटर चालवताना संरक्षण हवेच. तिथे कान झाकणे हा उपचारातला अडथळा नाही.

प्रतिसाद: घाटमाथा

वाशिष्ठीकाठ, आपण सविस्तर लिहीत आहात त्याबद्दल आभार. एका मोठ्या शहरातल्या खाजगी केंद्राने आमच्या भाच्यासाठी दहा दिवस, रोज दोन वेळा, विशिष्ट गाळलेले संगीत हेडफोनवर ऐकवण्याचा कार्यक्रम सुचवला आहे. ऑटिझम, एपीडी, आवाजाची भीती, सगळ्यांवर तो चालतो असे त्यांचे म्हणणे आहे. रक्कम आम्हाला जड जाणारी आहे. करावा का?

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

माझे स्पष्ट मत आहे की करू नये. आपण वर्णन केलेला कार्यक्रम ‘ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग’ या पद्धतीचा दिसतो, जी फ्रान्सच्या गी बेरार यांनी मांडली. अमेरिकेतल्या त्याच संघटनेने (एएसएचए) २००४ मध्ये जाहीर केले की ही पद्धत परिणामकारकतेचे शास्त्रीय निकष पूर्ण करत नाही. एकाच उपचाराने इतके वेगवेगळे विकार बरे होतात असे कुणी सांगितले की तिथेच सावध व्हावे.

प्रशिक्षण निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. चाचणीत जी उणीव दिसली तिच्यावर बेतलेले प्रशिक्षण असावे. दोन्ही कानांचे एकत्र काम कमी असलेल्या मुलाला कमजोर कानात आवाज मोठा आणि चांगल्या कानात हळू ठेवून सराव देतात आणि सुधारेल तसा फरक कमी करत जातात. कुठल्या दिशेने आवाज येतो यावरून गोंगाट वेगळा काढता न येणाऱ्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात शॅरन कॅमेरॉन व हार्वे डिलन यांनी तयार केलेल्या प्रशिक्षणाचे निकाल आश्वासक आहेत. त्याच वेळी हेही सांगायला हवे की ब्रिटनमध्ये सुमारे १,५०० मुलांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ऐकण्याच्या तक्रारींचा संबंध कानांच्या चाचण्यांपेक्षा लक्ष टिकवण्याच्या क्षमतेशी अधिक जवळचा आढळला. त्यामुळे एपीडीच्या निदानासोबत भाषा, वाचन आणि एकाग्रता यांची तपासणी व्हायलाच हवी. ज्या केंद्रात ही तपासणी न करता थेट पॅकेज सांगतात, तिथून उठून यावे. तपासणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यातही संकोच करू नये.

प्रतिसाद: सड्यावरचे गुरुजी

एक शंका. एपीडीच्या दाखल्यावर दहावीच्या परीक्षेत सवलत मिळते का?

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

केवळ एपीडीच्या दाखल्यावर नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये श्रवणदोषाची व्याख्या डेसिबलवर आहे: दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल हानी असेल तर ‘कमी ऐकू येणारा’. एपीडी असलेल्या मुलाचा ऑडिओग्राम चांगला असतो, त्यामुळे ते त्यात बसत नाही. परंतु याच अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, आणि एपीडी असलेल्या बऱ्याच मुलांना वाचन-लेखनाची अडचणही असते. तसे असेल तर त्याचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर शालान्त परीक्षेत वाढीव वेळ आणि अन्य सवलती मिळतात. हे काम नववीत सुरू करू नका, सातवी-आठवीतच करा, कारण मूल्यमापनाची तारीख मिळण्यातच बराच काळ जातो.

प्रतिसाद: सुरंगी

आमचे गाव गुहागर तालुक्यात. माझा सहा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि ढोलाच्या आवाजाने तो अक्षरशः कोसळतो. शिमग्याला पालखी घरी येते, गणपतीत शेजारी आरत्या असतात. दर वर्षी त्याला घेऊन मी माहेरी निघून जाते. सासूबाईंना वाईट वाटते, मलाही वाटते. त्याला इथे ठेवता येईल असे काही करता येईल का?

प्रतिसाद: वाशिष्ठीकाठ

सुरंगी ताई, करता येईल, पण तयारी सणाच्या महिना-दीड महिना आधी सुरू करावी लागेल, आणि त्याच्या थेरपिस्टला विचारूनच. मोबाइलवर ढोलाचा आवाज इतका हळू लावा की त्याचे खेळणे थांबणार नाही, आणि आवाज कमी-जास्त करण्याची कळ त्याच्याच हातात द्या. आवाज कधी येणार आणि कधी थांबणार हे आधी ठाऊक असणे आणि तो थांबवण्याची सत्ता आपल्याकडे असणे, या दोन गोष्टींनी अशा मुलांचा त्रास पुष्कळ हलका होतो. पालखी कुठून येते, कुठे थांबते, किती वेळ नाचते, हे चित्रे काढून रोज दाखवा. गावकऱ्यांशी बोला, पालखी तुमच्या अंगणात येताना ढोल-ताशे बांधाबाहेर थांबवून नुसती पालखी आत आणायला मानकरी नाही म्हणतील असे मला वाटत नाही, कारण देव घरी येणे महत्त्वाचे, वाद्ये सोबत असलीच पाहिजेत असे नाही. लाऊडस्पीकरचा प्रश्न असेल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदी आहे. सणांसाठी राज्य सरकार काही दिवस सूट देते, तेवढे धरून बोलावे.

मुलांसाठीचे इअरमफ त्या वेळी जरूर वापरा. ढोल वाजत असतील तेवढाच वेळ ते कानांवर असावेत, आणि पालखी पुढच्या घराकडे वळली की काढून ठेवावेत.